तेलात गेलेले मार्क

कोणाचाही मत्सर करायचा नाही, हे माझं रोजचं व्रत आहे. रोजचं म्हणजे रोज नव्याने घ्यावं लागतं, कारण आदल्या दिवशीचं सहसा दहा वाजेपर्यंतच टिकलेलं असतं. मोडलं तर दंड काय, तेही मीच ठरवून घेतलंय. मनात मत्सर आला की देवापुढच्या दिव्यात एक पळी तेल जास्त. पूर्वी आमच्याकडे तेलाची बाटली दीड महिना जायची. अकरा वर्षांपूर्वी धाकटी जाऊ घरात आली आणि बाटली बारा दिवसांत संपू लागली. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, "आमच्या मोठीची भक्ती बघा, वर्षागणिक वाढतेच आहे." मी मान खाली घालते.

मान खाली घालणं हा माझ्या स्वभावाचा भाग आहे. आवाजही मुळातच बारीक. त्यातून सकाळी उठल्यापासून अकरा वाजेपर्यंत माझं मौन असतं, आणि खोटं बोलायचं नाही हे तिसरं व्रत. ही दोन्ही व्रतं एकमेकांना सांभाळून घेतात. अर्धा दिवस बोललंच नाही, तर खोटं बोलायला उरतोच किती वेळ?

तर धाकटी. नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या डोक्यावरच राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. दिसायला बरी आहे. बरी म्हणजे चांगली आहे. (एक पळी.) शिवणकाम येतं, गाडी चालवता येते, आणि माणसं तिच्याशी बोलताना आपोआप हसायला लागतात. माझ्याशी बोलताना माणसं पुढे वाकतात, कारण ऐकू येत नाही.

रविवारी दुपारचं जेवण आम्ही सगळे एकत्र आमच्याकडे करतो. त्या रविवारी तिने ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "ताई, मी विद्यापीठात जातेय."

"कोणाला भेटायला?" मी विचारलं.

"भेटायला नाही हो, शिकायला. माझी कॉलेजची दोन वर्षं झालीयेत ना लग्नाआधी? ती धरून आता थेट तिसऱ्या वर्षात घेतात. फक्त जुने मार्क बघतात. माझे एकाहत्तर टक्के आहेत, त्यामुळे अडायचं नाही बहुतेक."

बहुतेक! एकाहत्तर टक्के मिळालेल्या माणसाने 'बहुतेक' म्हणू नये, असा खरं म्हणजे नियम हवा. भाऊजींनी टाळी वाजवली. यांनी तर, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हातातला घास खाली ठेवून तिच्याशी हात मिळवला. माझ्याशी यांनी शेवटचा हात कधी मिळवला होता, ते आठवायचा मी प्रयत्न केला. लग्नात धरला होता, पण तो मिळवणं नव्हे.

"मग आमची मोठी काय कमी आहे होय?" सासूबाई म्हणाल्या. "तिचीही दोन वर्षं झालेली आहेत. आणि फर्स्ट क्लास!"

आता हे फर्स्ट क्लासचं प्रकरण एकदा सांगून टाकते. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "फर्स्ट क्लास असेल ना गं?" मी मान खाली घातली. सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, "विनयशील आहे हो मुलगी." बस्स, एवढंच झालं. मी एक अक्षरही खोटं बोलले नाही. तेवीस वर्षांत तो प्रश्न निदान पन्नास वेळा आला असेल, आणि पन्नास वेळा मी मान खाली घातली. खोटं बोलायचं नाही, हे व्रत मानेला लागू आहे की नाही, हे मी कोणाला विचारायला गेले नाही.

खरी गोष्ट अशी, की माझे नऊ विषय बरे होते. फर्स्ट क्लास नव्हता, पण कोणासमोर ठेवायला हरकत नाही असे. दहावा विषय होता संख्याशास्त्र. त्यात एक्केचाळीस. चाळिसाला पास.

ते आठवत असूनही, त्या रविवारी, घरातल्या सगळ्यांची कौतुकाची नजर धाकटीवर खिळलेली असताना, माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मीपण जातेय."

दुपारचा दीड वाजला होता, मौन संपून अडीच तास झाले होते. मौन अकराऐवजी दोनपर्यंत ठेवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

"अय्या, खरंच?" धाकटी म्हणाली. "मग दोघी मिळूनच जाऊ या ना ताई! उद्याच. गुणपत्रिका काढून ठेवा."

गुणपत्रिका कुठे आहे, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. लग्न होऊन आले तेव्हा ती कुठे लपवावी हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता. कपाट सासूबाई आवरत, पेटी हे उघडत, पुस्तकं भाऊजी चाळत. ज्याच्या मागे कोणीही हात घालणार नाही अशी घरात एकच वस्तू होती, ती म्हणजे फळीवरची देवाची तसबीर. मी तिचा मागचा पुठ्ठा काढला, आत गुणपत्रिका ठेवली, पुठ्ठा परत बसवला. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी तिथे हात जोडते. त्यातला नमस्कार देवाला किती पोचला आणि संख्याशास्त्राला किती, हे त्याचं त्यालाच माहीत.

सोमवारी सकाळी आठला मी तसबीर खाली घेतली. पुठ्ठा काढला. अकरा वर्षं दिव्यातून ओसंडलेलं तेल फळीवरून हळूहळू चौकटीत शिरलं होतं आणि पुठ्ठ्यातून कागदात चढलं होतं. वरचे नऊ विषय कोरडे ठणठणीत. तळाची ओळ मात्र, जिथे जुन्या पद्धतीने शाईच्या पेनाने संख्याशास्त्राचे मार्क आणि खाली एकूण बेरीज लिहिलेली होती, ती पिवळ्या डागात विरघळून गेली होती.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, की हा सगळा डाग धाकटीचा आहे. म्हणजे तेल माझंच, पण तिच्या निमित्ताने घातलेलं. तिची शिवणकला, तिची गाडी, तिचं ते हसणं, सगळं पळीपळीने जमून माझ्या गुणपत्रिकेवर बसलं होतं.

आमच्या घरात कागद हातात घेऊन कोणी पाच मिनिटं उभं राहिलं, की गर्दी जमते. सासूबाई आल्या, हे आले, वरून धाकटी उतरली आणि समोरच्या दारातून निवृत्त पोस्टमास्तर आले. आयुष्यभर लोकांचे अर्धवट पत्ते वाचून पत्रं पोचवल्यामुळे, न दिसणारं अक्षर वाचणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं त्यांना वाटतं.

"तेलाने कागद पारदर्शक होतो," ते म्हणाले. "दिव्यासमोर धरा. हं. अरे वा. शेवटचा आकडा एक आहे. पहिला मात्र गेला."

"एक्क्याण्णव असणार," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एक्क्याण्णव जरा जास्त होतात," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून सावरून घेतलं, "एक्क्याऐंशी असतील."

"मला तर एक्क्याण्णवच वाटतात," धाकटी म्हणाली. "ताई हिशेबात किती पक्क्या आहेत!"

चारही जणांनी माझ्याकडे बघितलं. सव्वाआठ वाजले होते. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं आणि सवयीने मान खाली घातली.

"बघा, स्वतःच्या तोंडाने कधी सांगायची नाही," सासूबाई पोस्टमास्तरांना म्हणाल्या.

डाग काढायचे उपाय सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, उन्हात ठेवा. पोस्टमास्तर म्हणाले, पावडर टाका. यांनी कोणाचंच न ऐकता इस्त्री तापवली. यांची पद्धत अशी, की कागदावर आपला पांढरा रुमाल पसरायचा आणि वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे तेल रुमालात येतं. तेल आलं. सोबत शाईही आली. संख्याशास्त्र होतं तिथेच राहिलं, पण त्याच्या वरच्या ओळीतले इतिहासाचे चौसष्ट मार्क उलटे होऊन यांच्या रुमालावर स्वच्छ उमटले, आणि गुणपत्रिकेवर त्यांची नुसती सावली राहिली.

मला ओरडायचं होतं. मौनात ओरडणं बसत नाही. मी एक पळी तेल घातलं. हे मत्सराचं नव्हतं, पण त्या वेळी हाताला तेवढंच सुचलं.

"काही बिघडत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "रुमाल सोबत जोडा. आरशात धरला की वाचता येतो. पुरावा आहे तो."

म्हणून विद्यापीठाच्या चार नंबरच्या खिडकीवर मी जो अर्ज दिला, त्यावर 'सोबत जोडलेली कागदपत्रे' या मथळ्याखाली यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: गुणपत्रिका एक, छायाचित्रे दोन, रुमाल एक.

खिडकीआड बसणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांचा चेहरा वर्षानुवर्षं एकाच आकाराच्या चौकटीतून दिसून दिसून तसाच चौकोनी झालेला होता. त्यांनी आधी धाकटीचा अर्ज घेतला. एकेका विषयासमोर टिकमार्क करत गेल्या. "मान्य. मान्य. मान्य. अहो, यात तर शहाऐंशी आहेत, छान. मान्य." दहाही विषय मान्य. शिक्का. सगळं मिळून अकरा मिनिटं. मी मोजत होते. त्या शिक्क्याचा आवाजसुद्धा मला जरा जास्तच घुमल्यासारखा वाटला.

मग माझा अर्ज. त्यांनी टाचणी काढली, रुमाल दोन बोटांनी उचलला.

"हे काय आहे?"

अकराला दहा कमी होते. मी बोलू शकत नव्हते. धाकटीने पुढे होऊन सांगितलं, "इतिहास आहे."

बाईंनी रुमाल उलटा केला, सुलटा केला. शेवटी पर्समधून छोटा आरसा काढून त्यात वाचलं. "चौसष्ट. इतिहास मान्य. पण हे संख्याशास्त्र? इथे नुसतं तेल आहे."

"त्यांचे एक्क्याण्णव आहेत," धाकटी म्हणाली.

"मला त्यांच्याकडून हवंय. किती होते हो तुमचे मार्क? आठवतात ना?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि धाकटीला हळूच विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

"मौन आहे त्यांचं. अकरापर्यंत."

"खिडकी अकराला बंद होते," बाई म्हणाल्या. "लिहून द्या. हे घ्या पेन."

पेन हातात आलं. धाकटी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिच्या केसांना वास येत होता तोही चांगला. एक्केचाळीस लिहिलं तर तेवीस वर्षांची खाली घातलेली मान एका ओळीत वर निघणार होती. दुसरं काही लिहिलं तर खोटं. मी जरा वेळ देवाचं स्मरण केलं आणि लिहिलं, 'वाचता येत नाही.' यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"मग ऐका," बाई म्हणाल्या. "जो विषय वाचता येत नाही, तो मिळालाच नाही असं आम्ही धरतो. तुमच्या जुन्या कॉलेजातून दाखला आणा. पन्नास किंवा वर असतील तर विषय मान्य. खाली असतील तर तो विषय पुन्हा. शुक्रवारी शेवटची तारीख. त्यानंतर यंदाचा प्रवेश गेला." त्यांनी रुमालाची व्यवस्थित घडी घालून तो फाइलमध्ये ठेवला. तो आजतागायत तिथेच आहे. हे अधूनमधून त्याची चौकशी करतात.

जुन्या कॉलेजात मला एकटीला जायचं होतं. मी तसं तीन वेळा सुचवलं. माझ्या आवाजात सुचवलेलं कोणाला ऐकू जात नाही. गुरुवारी दुपारी धाकटी गाडीची किल्ली फिरवत खाली हजर. "चला ताई, मी सोडते. तुमचे एक्क्याण्णव मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत."

गाडीत ती काहीबाही बोलत होती आणि मी देवाला विनवत होते, की रजिस्टर हरवलेलं असू दे. एरवी दाखला मागायला गेलं की कचेऱ्यांना काही सापडत नाही, अशी लोकांची तक्रार असते. माझ्या वेळेला मात्र जुन्या कॉलेजच्या दप्तरात असे एक म्हातारे गृहस्थ निघाले, की ज्यांनी चाळीस वर्षांची रजिस्टरं कापडात बांधून, वर्षाच्या चिठ्ठ्या लावून, ओळीने ठेवली होती. मी वर्ष सांगितलं आणि त्यांनी मान न वळवता मागे हात घालून नेमकं तेच काढलं. शिवाय त्यांना कमी ऐकू येत होतं. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात कशी, ते तुम्हाला ठाऊक आहे.

"विषय कोणता?" ते ओरडले.

"संख्याशास्त्र," मी म्हणाले.

"काय?"

"संख्याशास्त्र!" धाकटीने सांगितलं.

त्यांनी बोट ओळीवरून सरकवत नेलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. किती सुखी बाई, असं वाटलं. तिचे मार्क आत्ता कोणीही वाचत नव्हतं.

"एक्केचाळीस!" ते गरजले. "बरोबर? चार, एक! एक्केचाळीस!"

व्हरांड्यातून जाणारे दोघे थांबले. त्यांतला एक म्हणाला, "पास झाल्या की." मला वाटलं तो माझ्याकडे बघून बोलला, पण बहुधा नसावा.

दाखला लिहून झाला, शिक्का झाला, आम्ही गाडीत येऊन बसलो, तरी धाकटी गप्प. रोज चालू असणारं ते हसू बंद. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. जाताना वीस मिनिटं लागली होती, येताना दोन तास लागल्यासारखे वाटले. तिने काही बोलावं म्हणून मीच शेवटी म्हणाले, "बोल की काय ते."

"काय बोलू ताई? संख्याशास्त्र वाईटच असतं," ती म्हणाली आणि वळण घेतलं.

घरी सासूबाई दारातच. मागे हे. समोरच्या दाराच्या फटीतून पोस्टमास्तर. "काय? एक्क्याण्णव ना?"

माझी मान खाली जायला लागली होती, एवढ्यात धाकटी म्हणाली, "अहो आई, ते रजिस्टर वाळवीने खाल्लंय. नेमकं तेच पान. आता ताईंना तो विषय परत करावा लागणार, बिचाऱ्यांना."

"मेली वाळवी," सासूबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दिव्यात तेल घातलं. एक नाही, चार पळ्या. मार्क जास्त, तेवढं मी कसंबसं सोसलं असतं. पण आता वर तिचं मनही मोठं निघालं! माणसाने मत्सर करायचा तरी किती दिशांनी करायचा? तिने चारचौघांत माझी फजिती केली असती तर निदान मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं. तेही सुख तिने मला मिळू दिलं नाही.

शुक्रवारी चार नंबरच्या बाईंनी दाखला वाचला. मी मुद्दाम सव्वादहाला एकटीच गेले होते, म्हणजे बोलायला नको.

"नऊ विषय मान्य. संख्याशास्त्र अमान्य. तिसऱ्या वर्षात प्रवेश दिला, पण हा विषय पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर पुन्हा करायचा. आणि विषय राहिलाय म्हणून तुम्ही नियमित विद्यार्थी. रोज हजेरी सक्तीची, वर्षभर. पाऊणशे टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही." मग त्यांनी जराशा सहानुभूतीने आवाज खाली आणला. "तुमच्या जाऊबाईंचे सगळे मान्य झाले ना, त्यांना हे काही नाही. त्यांना वर्गात यायची गरज नाही. पुस्तकं घरी येतील, परीक्षेला तेवढं यायचं. चांगल्या मार्कांचा हाच फायदा असतो बघा."

घरी येईपर्यंत मी रडवेली झाले होते. चांगले मार्क असलेली घरात आरामात बसून पदवी घेणार, आणि मी या वयात अठरा वर्षांच्या पोरांत बाकावर बसायला जाणार. तेल संपलं म्हणून खाली जाऊन नवीन बाटली आणली.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तेव्हा पावणेअकरा झाले होते. मला बघून सगळी मुलं उभी राहिली. मौन असल्यामुळे मी काही सांगू शकले नाही. त्यांना वाटलं नव्या बाई आहेत आणि फारच कडक आहेत. पंधरा मिनिटं वर्ग चिडीचूप होता. मग खरे सर आले, आणि मी पहिल्या बाकावर जाऊन बसले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, या तर आपल्याच आहेत."

आपल्याच! हा शब्द आमच्या घरात माझ्यापर्यंत पोचायला लग्नानंतर सात वर्षं लागली होती.

नंतरचं मी सांगू नये, पण खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते. मला ते आवडायला लागलं. रोज साडेदहाला मी पिशवी खांद्याला लावून घरातून निघते. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आज नाही गेलीस तर चालणार नाही का? पाहुणे यायचेत." मी छापील नियमपत्रकातल्या 'हजेरी सक्तीची' या शब्दांवर बोट ठेवलं. हे म्हणाले, "माझा शर्ट..." मी बोट ठेवलं. तेवीस वर्षांत माझं कोणतंही वाक्य या घरात इतकं चटकन ऐकलं गेलं नव्हतं, आणि हे तर मी बोललेही नव्हते. वर्ग सुटला की वाचनालयात बसते. तिथे उंच खिडक्या आहेत, लांब टेबलं आहेत, आणि मुख्य म्हणजे अमुक वस्तूचं झाकण कुठे आहे हे तिथे मला कोणी विचारत नाही. सगळेच हळू बोलतात. माझा आवाज तिथे योग्य मानला जातो. बाकावर शेजारी बसणारी मुलगी मला सरासरी समजावून सांगते आणि मी तिला तिच्या मैत्रिणीशी भांडण कसं मिटवावं ते सांगते. सरासरी मला आता येते. इतकी वर्षं ती अवघड वाटत होती, कारण कोणी नीट सांगितलीच नव्हती.

आणि धाकटी? तिची बारा पुस्तकं घरपोच आली. पहिल्या दिवशी तिने त्यांना कव्हरं घातली. दुसऱ्या दिवशी उघडून बसली तर सासूबाईंनी खालून हाक मारली, "तू घरातच आहेस ना, जरा खाली ये." पाहुणे आले तर ती घरातच. गॅसवाला आला तर ती घरातच. यांचा शर्टही तिच्याकडेच गेला. एक पुस्तक पोस्टमास्तर वाचायला घेऊन गेले आणि त्यावर चर्चा करायला दुपारी तीन वाजता तिच्याकडे जाऊन बसू लागले. महिन्याने ती वाटेत भेटली, मी परतत होते. माझ्या पिशवीतून वाचनालयाचं ओळखपत्र बाहेर लोंबत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"फोटो चांगला आलाय ताई," ती म्हणाली.

तो स्वर मी ओळखला. अकरा वर्षं मी तो स्वतःच्या आत ऐकत आलेय. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं होतं, या घरात तेल फक्त मलाच लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार नंबरच्या खिडकीवर जाऊन आल्याचं मला त्या बाईंनीच नंतर व्हरांड्यात सांगितलं. "तुमच्या जाऊबाई विचारत होत्या, एखादा विषय अमान्य करून घेता येतो का. मी म्हटलं, मिळालेले मार्क परत घेता येत नाहीत हो. पहिल्यांदाच ऐकलं असं."

"मग?"

"मग काही नाही. सगळ्यांच्या मूळ गुणपत्रिकांची पडताळणी बाकी आहे, महिनाअखेरीला घेऊन या, असं आठवण म्हणून सांगितलं. त्या दिवशी वाचता आलं पाहिजे, एवढंच. नाहीतर नियम तुम्हाला ठाऊकच आहे."

रविवारी जेवणं झाली. हे आणि भाऊजी बाहेर बोलत बसले, सासूबाई आडव्या झाल्या. धाकटी स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"ताई," ती म्हणाली, माझ्याहूनही हळू आवाजात, "एक विचारू? ही माझी गुणपत्रिका जरा देवाच्या तसबिरीमागे ठेवू का? महिनाअखेरीपर्यंतच. म्हणजे... आशीर्वाद म्हणून."

मी कागद उलगडला. सगळीकडे सुंदर गोल आकडे. सगळ्यात तळाशी, एकूण बेरजेच्या वर, शेवटची ओळ संख्याशास्त्राची. शहाऐंशी.

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली. पहिल्यांदाच घालत होती, त्यामुळे जरा जास्तच खाली गेली, पण शिकेल.

मी काही विचारलं नाही. गाडीतून येताना तिनेही विचारलं नव्हतं. मी तसबीर उतरवली, पुठ्ठा काढला, तिची गुणपत्रिका आत सरळ बसवली, शेवटची ओळ बरोबर तळाला येईल अशी, आणि तसबीर फळीवर परत ठेवली. दोघींनी हात जोडले.

आणि हात जोडलेले असतानाच ते माझ्या मनात आलं. मला तो डाग पडायला अकरा वर्षं लागली. एकेक पळी, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी. आणि हिला तो पंधरा दिवसांत मिळणार! आयता! शिवाय शहाऐंशी मार्कांवर! ती वर्गात येईल, माझ्या शेजारी माझ्याच बाकावर बसेल, सरांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला आधीच येत असेल, आणि मागची मुलं तिच्याशी बोलताना हसतील.

व्रत ते व्रत. मी बाटली उघडली आणि दिव्यात एक पळी तेल घातलं. दिवा आधीच काठोकाठ भरलेला होता. तेल फळीवर उतरलं, क्षणभर थांबलं आणि सावकाश तसबिरीच्या दिशेने निघालं.

"ताई," धाकटी म्हणाली, "अजून एक घाला."

मी घातली. मनात शिल्लक होतंच.